पांढऱ्या कोळशाचा हिशेब

भूगोलाच्या जुन्या पुस्तकांत जलविद्युतेला 'पांढरा कोळसा' असे म्हटलेले असे. धूर नाही, राख नाही, खाण खोदावी लागत नाही, आणि पाऊस पडतो आहे तोवर साठा संपण्याची भीती नाही. 'स्वच्छ ऊर्जा' हा शब्द नंतर रूढ झाला, पण त्यामागची कल्पना जुनीच आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्या देशात या पांढऱ्या कोळशाचा आग्रह धरणाऱ्यांत एक नाव असे होते, की जे आपल्याला भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून ओळखीचे असते. ते म्हणजे मेघनाद साहा. ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ लावणारे हे शास्त्रज्ञ पुढे लोकसभेचे सदस्य झाले, ही गोष्ट मात्र आपल्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते.

साहांचे ऊर्जाविषयक विचार कसे घडले, ते त्यांनी कायदेमंडळापर्यंत कसे नेले आणि दामोदरच्या खोऱ्यात त्यांचे पुढे काय झाले, हे आपण या लेखात पाहू. त्याच सभागृहात बसणारे दुसरे एक सदस्य, जयपालसिंग मुंडा, यांच्याकडेही वळावे लागेल. कारण साहांच्या हिशेबात जो रकाना अपुरा राहिला, तो जयपालसिंगांच्या भाषणांत सापडतो.

तारे आणि पूर

मेघनाद साहांचा जन्म १८९३ साली ढाक्याजवळच्या शेवडाताली या खेड्यात झाला. वडिलांचे लहानसे दुकान होते. जात त्या काळच्या समजुतीनुसार खालची, आणि घरची गरिबी. शिष्यवृत्तीच्या बळावर मुलगा ढाक्याच्या शाळेत आला. पण १९०५ साली, वंगभंगाच्या चळवळीत, गव्हर्नरच्या भेटीवर बहिष्कार घालणाऱ्या मुलांत तोही होता. शाळा सुटली, शिष्यवृत्तीही गेली. दुसऱ्या शाळेत शिकून साहा कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पोहोचले. तेथे सत्येंद्रनाथ बोस त्यांचे वर्गबंधू होते, तर जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय हे शिक्षक.

१९२० साली साहांनी जे समीकरण मांडले, ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. वायू खूप तापला की त्यातील अणूंचे इलेक्ट्रॉन सुटू लागतात. किती तापमानाला आणि किती दाबाला किती अणू असे आयनीभूत होतील, हे या समीकरणाने काढता येते. त्यामुळे ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा पाहून त्याचे तापमान सांगणे शक्य झाले. १९२७ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

अशा माणसाने उरलेले आयुष्य प्रयोगशाळेत काढले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. परंतु बंगालमध्ये वाढलेल्या माणसाला पुराकडे पाठ फिरवता येत नाही. १९२२ साली उत्तर बंगालमध्ये मोठा पूर आला, तेव्हा प्रफुल्लचंद्र रायांनी उभारलेल्या मदतकार्यात साहा राबले. दरवर्षी तांदूळ आणि कपडे वाटण्यापेक्षा पुराचा अभ्यास करणे शहाणपणाचे आहे, हा विचार तेव्हापासून त्यांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येतो. नद्यांचे प्रवाह मोजा, प्रतिकृती करून प्रयोग करा, मग उपाय ठरवा, असे ते सांगत. १९३५ साली त्यांनी 'सायन्स अँड कल्चर' हे मासिक सुरू केले. त्यात ताऱ्यांइतकीच जागा नद्यांना, विजेला आणि नियोजनाला मिळू लागली.

ऊर्जा म्हणजे किती हातांचे काम?

साहांचा मूळ मुद्दा भौतिकशास्त्राचाच होता. समाजाची समृद्धी म्हणजे शेवटी त्या समाजात दरडोई किती 'कार्य' होते, यावर अवलंबून असते. जिथे सगळे कार्य माणसाच्या आणि बैलाच्या स्नायूंनी होते, तिथे कितीही कष्ट केले तरी दारिद्र्य हटत नाही. दरडोई कार्याचा हिशेब मांडून ते दाखवीत, की युरोप-अमेरिकेच्या मानाने आपण सुमारे वीस पट मागे आहोत. म्हणून चरखा आणि बैलगाडी यांवर उद्याचा भारत उभा राहणार नाही, असे ते उघडपणे म्हणत. गांधींच्या प्रभावाच्या काळात असे म्हणायला धैर्य लागे.

१९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना साहांनी त्यांच्याकडे राष्ट्रीय नियोजनाचा प्रश्न लावून धरला. त्याच वर्षी राष्ट्रीय नियोजन समिती नेमली गेली आणि जवाहरलाल नेहरू तिचे अध्यक्ष झाले. साहा तिचे सदस्य होते. ऊर्जा आणि इंधन या विषयाच्या उपसमितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

दामोदर

छोटा नागपूरच्या पठारावर उगम पावून दामोदर बंगालच्या सपाटीवर उतरतो आणि हुगळीला मिळतो. बंगाली माणूस त्याला नदी न म्हणता 'नद' म्हणतो, आणि 'बंगालचे दुःख' असेही म्हणतो. पठारावर पावसाळ्यात थोड्या दिवसांत प्रचंड पाऊस पडतो. चढावरचे ते पाणी वेगाने खाली येते आणि सपाटीवर आल्यावर पसरते. म्हणजे पाऊस वर पडतो आणि पूर खाली येतो. ही भौगोलिक गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे.

जुलै १९४३ मध्ये बरद्वानजवळ दामोदरचा बांध फुटला. शेते बुडाली, लोहमार्ग तुटला आणि कलकत्त्याचा उत्तरेशी संपर्क खंडित झाला. काळ महायुद्धाचा, आणि त्याच साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ. सरकारला जाग आली. चौकशी समिती नेमली गेली, तिच्यावर साहा होते. १९४४ साली त्यांनी 'सायन्स अँड कल्चर'मधून दामोदर खोऱ्याच्या नियोजनाची मांडणी केली. त्यांच्यापुढे नमुना होता अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा. तेथे १९३३ साली कायदा करून एका नदीचे संपूर्ण खोरे एका स्वायत्त संस्थेच्या हाती सोपवले गेले होते. पूर रोखणे, वीज निर्माण करणे, सिंचन, नौकानयन, जंगल राखणे, ही सगळी कामे एकत्र पाहायची, अशी ती कल्पना होती.

या टप्प्यावर महाराष्ट्राशी थेट जोडलेले एक नाव येते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते आणि वीज व सिंचन हे विषय त्याच खात्यात येत. दामोदर योजनेच्या वाटाघाटी त्यांच्या कारकिर्दीत झाल्या. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याला बंगाल आणि बिहार या प्रांतांच्या प्रतिनिधींची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. टेनेसीचे अभियंते वूर्डविन यांचा आराखडा त्याच वर्षी तयार झाला. त्यात पठारावर आठ धरणे सुचवली होती. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला आणि ७ जुलै १९४८ रोजी महामंडळ अस्तित्वात आले.

धरणाचे दोन धनी

विद्यार्थ्यांना या ठिकाणी एक सोपे गणित घालता येईल. पडणाऱ्या पाण्यापासून मिळणारी शक्ती दोन गोष्टींवर ठरते: दर सेकंदाला किती पाणी पडते आणि किती उंचीवरून पडते. प्रवाह घनमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ९.८ ने गुणले, की किलोवॉट मिळतात. सेकंदाला १०० घनमीटर पाणी ३० मीटरवरून पडले, तर २९,४०० किलोवॉट. यंत्रांची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर हाती येतात सुमारे २५,००० किलोवॉट, म्हणजे २५ मेगावॉट.

या गणितातच एक पेच दडलेला आहे. विजेसाठी पाण्याची पातळी जितकी उंच तितके चांगले, म्हणजे जलाशय भरलेला हवा. पुराचे पाणी अडवायचे तर आधी जागा रिकामी हवी, म्हणजे जलाशय रिता हवा. सिंचनाला पाणी साठवायचे असते, पण सोडायचेही असते ते ठरावीक हंगामात. एकाच भांड्याने ही तिन्ही कामे करायची, तर भांडे खूप मोठे हवे. भांडे मोठे करायचे, तर अधिक जमीन पाण्याखाली जाणार. ही जमीन कोणाची, हे भौतिकशास्त्राचे समीकरण सांगत नाही.

लोकसभेतील शास्त्रज्ञ

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत साहा डाव्या पक्षांच्या पाठिंब्याने वायव्य कलकत्त्यातून उभे राहिले. पदरी पैसा नव्हता. उष्णतेवरचे त्यांचे पाठ्यपुस्तक अनेक पिढ्यांनी वापरले आहे. त्याच्या प्रकाशकाकडे त्यांनी निवडणुकीच्या खर्चासाठी आगाऊ रक्कम मागितली, असे सांगतात. ते निवडून आले.

शास्त्रज्ञाने राजकारणात का पडावे, असे त्यांना विचारले जाई. त्यांचे उत्तर असे होते, की शास्त्रज्ञ हस्तिदंती मनोऱ्यात राहतात अशी तक्रार लोकच करतात. राज्यकारभारात कायदा आणि सुव्यवस्थेइतकेच विज्ञानही महत्त्वाचे झाले आहे, तेव्हा शास्त्रज्ञाने मनोऱ्यातून खाली उतरलेच पाहिजे. लोकसभेत ते शिक्षण, नियोजन, नदी-खोरे प्रकल्प यांवर बोलत. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनावर तर ते पोटतिडकीने बोलत. मे १९५४ मध्ये अणुशक्तीवर लोकसभेत चर्चा झाली, ती त्यांच्या पुढाकारामुळे. अणुसंशोधन गुप्ततेच्या पडद्याआड ठेवू नये, विद्यापीठांत माणसे तयार करावीत, आणि खर्च करायचा तर पुरेसा करावा, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारचे शास्त्रज्ञ आणि पंतप्रधान यांच्याशी त्यांचे खटके उडत. पण ऊर्जेचे निर्णय लोकप्रतिनिधींसमोर, आकडे उघडे ठेवून व्हावेत, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. त्यांचे सर्वांत मोठे संसदीय काम आम्ही यालाच मानतो.

१६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जात असताना हृदयविकाराचा झटका येऊन साहांचे निधन झाले. तोवर दामोदर खोऱ्यातील तिलैया (१९५३) आणि कोनार (१९५५) ही धरणे झाली होती. मैथन (१९५७) आणि पंचेत (१९५९) ही मोठी धरणे पाहायला ते उरले नाहीत.

दुसरे बाक

पहिल्या लोकसभेत रांची भागातून निवडून आलेले सदस्य होते जयपालसिंग मुंडा. त्यांचा जन्म १९०३ सालचा, खुंटीजवळच्या एका मुंडा गावातला. ते ऑक्सफर्डला शिकले. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे कर्णधार होते. १९३९ साली आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले आणि पुढे संविधान सभेत गेले.

१९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत केलेले त्यांचे भाषण प्रत्येक नागरिकशास्त्राच्या शिक्षकाने वाचावे असे आहे. स्वतःला त्यांनी अभिमानाने 'जंगली' म्हणवून घेतले. आपल्या लोकांचा इतिहास हा बाहेरून आलेल्यांनी केलेल्या शोषणाचा आणि हुसकावणीचा इतिहास आहे, असे सांगितले. आदिवासींना लोकशाही शिकवण्याची गरज नाही, उलट ती त्यांच्याकडूनच शिकावी लागेल, असेही त्यांनी सुनावले. जमीन हाच आदिवासी जीवनाचा तट आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता.

हा तट कोठून आला, हेही पाहिले पाहिजे. बिरसा मुंडांच्या १८९९-१९०० च्या उठावानंतर, १९०८ साली छोटा नागपूरचा कूळकायदा झाला. सावकाराने आणि जमीनदाराने आदिवासीची जमीन सहज गिळू नये, अशी त्यात तरतूद होती. सावकाराला दार बंद झाले. सरकारला मात्र ते उघडेच होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने 'सार्वजनिक कारणासाठी' कोणतीही जमीन घेता येई. धरण हे तर सार्वजनिक कारणांचा मेरुमणीच.

जयपालसिंगांना मागासपणाचे वकील ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. त्यांचा प्रश्न वेगळा होता: जे होईल ते आमच्या भूमीवर आम्हांला विचारून होईल काय? १९५२ च्या निवडणुकीत त्यांच्या झारखंड पक्षाने बिहार विधानसभेत ३२ जागा मिळवल्या. या प्रश्नाला किती लोकांचा आधार होता, ते त्यावरून कळते.

पाणी चढले

आता पूर्वी सांगितलेली भौगोलिक गोष्ट आठवावी. पाऊस वर, पूर खाली. म्हणून धरणे वर, पठारावर आणि त्याच्या पायथ्याशी. पुरापासून संरक्षण आणि कालव्यांचे पाणी मिळणार होते ते मुख्यतः खालच्या बंगालला. वीज जाणार होती खाणींना, कारखान्यांना, शहरांना. पाण्याखाली जाणार होती ती वरच्या गावांची भातखाचरे.

जमिनीच्या बदल्यात जमीन आणि घराच्या बदल्यात घर, असे तत्त्व महामंडळाने स्वीकारले होते. त्या काळाच्या मानाने ते पुढचे पाऊल होते. प्रत्यक्षात बहुतेकांच्या हाती रोख रक्कमच आली, आणि शेतकऱ्याच्या हातातली रोख रक्कम किती दिवस टिकते, हे ग्रामीण भागातील शिक्षकांना सांगायला नको. ज्यांच्या नावावर कागद नव्हता, जे गावच्या रानावर, चराईवर आणि मोहाच्या झाडांवर जगत, त्यांच्या नुकसानीला कायद्यात नीट नावही नव्हते. अभ्यासकांच्या गणतीनुसार मैथन आणि पंचेत या दोन धरणांनी नव्वद हजारांहून अधिक माणसे विस्थापित केली. त्यांतील निम्म्याहून अधिक आदिवासी होती.

६ डिसेंबर १९५९ रोजी पंचेत धरणाचे उद्घाटन झाले. नेहरूंनी कळ दाबण्याचा मान धरणावर राबलेल्या बुधनी मेझान या संथाळ मुलीला दिला. हेतू उदात्त होता. पण समारंभात नेहरूंना हार घातला म्हणून तिच्या समाजाने तिला वाळीत टाकले, अशी तिची कहाणी सांगितली जाते. कळ तिच्या हाती दिली गेली. धरण कोठे आणि किती उंच बांधायचे, हे मात्र तिच्या गावाला कोणी विचारले नव्हते.

हिशेब कसा उतरला?

आठ धरणांच्या आराखड्यातून महामंडळाने चारच बांधली. मैथन आणि पंचेत येथे आराखड्याइतक्या उंच पातळीपर्यंतची जमीन संपादन झाली नाही. त्यामुळे पुरासाठी राखायची जागा कमी पडली. १९७८ साली दामोदरच्या खालच्या खोऱ्याने पुन्हा मोठा पूर पाहिला. म्हणजे जमिनीचा जो प्रश्न हिशेबाच्या तळटीपेत होता, तोच शेवटी पूरनियंत्रणाची मर्यादा ठरला.

विजेचे काय झाले? तिलैयाची जलविद्युत क्षमता अवघी ४ मेगावॉट. मैथनचे वीजघर डोंगराच्या पोटात बांधलेले, तेव्हाच्या अभियांत्रिकीचे नवल. त्याची क्षमता ६० मेगावॉट. मागणी याहून पुष्कळ वाढली. बोकारोचे कोळशावरचे वीजकेंद्र तर १९५३ मध्येच, तिलैयाबरोबरच सुरू झाले होते. झरियाचा कोळसा हाताशी असताना महामंडळ त्याच वाटेने गेले. त्याची जलविद्युत क्षमता आज दीडशे मेगावॉटच्या आसपास, तर कोळशावरची सहा हजारांच्या वर आहे. पांढऱ्या कोळशासाठी उभारलेली संस्था काळ्या कोळशावर चालू लागली.

साहांनी ज्या अणुशक्तीसाठी लोकसभेत आवाज उठवला, तिचे युरेनियमही याच पठारातून निघाले. सिंहभूममधील जादूगुडाची खाण १९६७ साली सुरू झाली. तीही आदिवासी गावांच्या मधोमध. कोळसा काळा असो, पांढरा असो की अणूतला असो, तो निघतो त्याच जमिनीतून, आणि किंमत भरतात तीच माणसे.

आम्हांला काय वाटते?

यावरून साहा चुकले आणि जयपालसिंग बरोबर होते, असा निष्कर्ष काढावा काय? आम्हांला तसे वाटत नाही. पुरात वाहून जाणारा बरद्वानचा शेतकरीही गरीबच होता. त्याच्यासाठी मोजमाप करून, विचार करून, नदीच्या संपूर्ण खोऱ्याचा आराखडा मागणारा माणूस देशाला हवाच होता. साहांनी ऊर्जेचा विचार भावनेतून काढून आकड्यांत आणला, हे त्यांचे ऋण आहे. पण आकड्यांची वही पुरी भरली नाही. किती घनमीटर, किती मेगावॉट, किती एकर सिंचन, हे रकाने होते. कोणाची संमती, कोणाचे रान, कोणाची पुढची पिढी, हे रकाने नव्हते. ते दुसऱ्या एका सदस्याच्या वहीत होते. दोन्ही वह्या एकाच सभागृहात होत्या, पण त्यांची बेरीज झाली नाही.

ती बेरीज करणारे कायदे फार उशिरा आले. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा १९९६ चा, वनहक्कांचा २००६ चा. १८९४ चा भूसंपादन कायदा बाजूला सारून त्याच्या जागी नवा कायदा झाला तो २०१३ साली. जयपालसिंगांनी मागितलेले झारखंड राज्य १५ नोव्हेंबर २००० रोजी झाले. तेव्हा त्यांना जाऊन तीस वर्षे झाली होती.

स्वच्छ ऊर्जेचा प्रश्न आता हवामानबदलामुळे पूर्वीपेक्षा निकडीचा आहे. दामोदरच्या याच जलाशयांवर तरंगते सौरप्रकल्प उभारण्याच्या योजना आखल्या गेल्या आहेत. सूर्यप्रकाशाला धूर नाही. पण त्या पाण्यावर मासेमारी कोण करते, हे विचारावेच लागेल.

वर्गासाठी एक काम

आपल्या तालुक्यातील किंवा जिल्ह्यातील एखादे धरण, पवनचक्क्यांचे रान किंवा सौरप्रकल्प निवडावा. विद्यार्थ्यांचे दोन गट करावेत. पहिल्या गटाने त्याची वीजक्षमता शोधावी. धरण असेल तर वर दिलेल्या सूत्राने ती ताडून पाहावी, आणि ती वीज कोठे जाते याची माहिती काढावी. दुसऱ्या गटाने त्या जागी पूर्वी काय होते, किती गावे होती, ती कोठे गेली, हे गॅझेटिअरमधून आणि वृद्ध माणसांना विचारून लिहावे. मग दोन्ही गटांनी एकाच मोठ्या कागदावर आपापले रकाने भरावेत.

काही रकाने रिकामे राहतील. ते तसेच ठेवून त्यांच्याखाली एवढेच लिहून घ्यावे, की ही माहिती कोणाला विचारायची आणि आपल्या भागाच्या कोणत्या लोकप्रतिनिधीने ती सभागृहात मागायला हवी.